उणे शून्य

दिवा कोळीवाड्याच्या जेट्टीवर, ऐरोलीच्या पुलाच्या अलीकडे,
तिसऱ्या खांबाला एक पिवळी रेघ मारलेली आहे.
तेच आमचं शून्य.
खाडीचं पाणी रेघेच्या वर की खाली, आणि किती,
एवढंच सांगणाऱ्या डब्याचा प्रोग्राम मी महापेत बसून लिहिते,
सातव्या मजल्यावर, काचा बंद,
चिखलाचा वासही न घेता.

आकड्याला बत्तीस बिटं. बत्तीस दातच की.
सगळ्यात डावा दात उण्याचा.
बाकीचे एकतीस कितीही मोठं बोलोत,
वर की खाली ते हा एकटा ठरवतो.
तो उलटवायला वजाबाकी लागत नाही.
एक टिचकी,
आणि रेघेच्या दोन मीटर वरचं पाणी दोन मीटर खाली.
खाडी जागची हललेली नसते.

मंगळवारी फिरोजाने तक्रार नोंदवली:
फलकावर -०.०० दिसतंय. लोक हसतील.

मीही हसले. बर्डे बाईंनी पाचवीत सांगितलेलं,
शून्याला ना उणं ना अधिक,
ते मधोमध बसतं, कुणाच्या बाजूने बोलत नाही.
इथे मात्र शून्यं दोन.
तुम्ही सारखे का, विचारलं तर हो म्हणतात.
उण्याला विचारावं, तू शून्याहून लहान? तर नाही म्हणतं.
पण एकाला त्याने भागून बघा,
थेट पाताळ गाठतं, तळ नसलेलं,
तेव्हा कळतं कुठल्या बाजूचं होतं.

केसभर खाली असलेला आकडा
घासत घासत नाहीसा झाला
तरी उणेपण मागे ठेवून जातो.
जानेवारीत आमच्या घणसोलीच्या घराचं कर्ज फिटलं.
बँकेने पत्र दिलं, शिल्लक शून्य.
अजून पाच तारखेला पहाटे जाग येते
आणि मी अंधारात फोनवर खातं उघडून बघते.

दुरुस्ती अगदी सोपी होती.
उणे शून्यात साधं शून्य मिळवायचं,
डावा दात पडतो, काडी जाते.
(शून्य मिळवून काहीतरी बदलतं
हे बर्डे बाईंना फोन करून सांगावंसं वाटलं.
बाई आता नाहीत.)
घाईच्या सेटिंगवर कंपायलरही त्यांच्यासारखाच,
शून्य मिळवून काय होणार, म्हणत ओळच गाळतो.
मी त्याची घाई बंद केली. ओळ राहिली.

शनिवारी नवा डबा बसवायला जेट्टीवर गेले.
जोमाकाका मढवी तंबाखू मळत
फलकाकडे बघत राहिले बराच वेळ.
'आरवी कारी कोनी पुसली गो?'
मी. चूक होती काका, शून्य म्हणजे शून्य.
'तुजा शून्य. माज्या होरीचा नाय.
कारी असली का मी होरी आनीत नाय,
चिखलान बसते.'
त्यांनी तळवा पाण्यासारखा आडवा धरला
आणि खाली नेला,
बोटभरही नाही, नखाएवढा.

सोमवारी ती ओळ काढली.
तिच्या जागी दुसरी लिहिली,
डाव्या बिटालाच सरळ विचारणारी:
आकडा विरून गेला, तू आहेस ना अजून?
असलास तर तांबडा दिवा.
फिरोजा म्हणाली, उणंदुणं काढायची सवय लागली तुला.
तिच्या तक्रारीखाली मी लिहिलं:
चूक नाही. पाणी रेघेखाली आहे.

पाच तारखेला पहाटे फोन उघडला.
०.००
पुढे काडी नाही.
बँकेचा प्रोग्राम कुणी लिहिला असेल कोण जाणे,
त्याने शून्य मिळवलेलं दिसतंय.